"गदिमांना बाग कशाला?" या पोस्टला उत्तर (लांब आहे, चहा घेऊन बसा)

वाकडेवाडीकर:
काल इथेच एकाने लिहिलं, "गदिमा त्यांच्या गाण्यांत आहेत, त्यांना बागबिग कशाला? त्या पैशांत खड्डे बुजवा." खाली अंगठ्यांची रांग. तिथेच प्रतिसाद द्यायला बसलो, तो आटपेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

"गाण्यांत आहेत" हे ऐकायला गोड आहे, पण खरं नाही. गेल्या आषाढीला आमच्या सोसायटीत अभंगांचा कार्यक्रम होता. 'इंद्रायणी काठी' झालं आणि निवेदिकाबाई म्हणाल्या, "संतांचे शब्द किती सोपे असतात, नाही?" मी उठून सांगितलं की बाई, हे माडगूळकरांचं आहे, 1953 च्या 'गुळाचा गणपती'तलं, चाल पुलंची, आवाज भीमसेनजींचा. त्या हसून म्हणाल्या, "काका, भाव महत्त्वाचा." पुढचं गाणं 'विठ्ठला तू वेडा कुंभार'. ते कोणाच्या नावावर गेलं असेल? गोरोबाकाकांच्या!

गायकाला आवाज असतो, संगीतकाराला चाल असते. कवीकडे नुसते शब्द, आणि ते सगळ्यांच्याच तोंडी, म्हणून कोणाचेच नाहीत. 'नाच रे मोरा' आशाबाईंचं, 'बुगडी माझी' आशाबाईंचं, 'एक धागा सुखाचा' बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं. माडगूळकरांचं काय मग, चष्मा?

म्हणून जागा हवी. पुतळा नको. गीतरामायणाची 56 गाणी आहेत, तर 56 दगड लावा. प्रत्येकावर गाणं, राग, आकाशवाणीवर पहिल्यांदा कोणी म्हटलं, कोणत्या तारखेला. लोक चालायला येतील, वाचतील. माणूस 14 डिसेंबर 1977 ला गेला. त्रेचाळीस वर्षांनी, 2020 ला, त्याच तारखेला लोकांना स्मारकासाठी कविता म्हणत आंदोलन करावं लागलं. आणि आपण खड्ड्यांचा हिशेब मांडतोय.

सिंहगडरोडकर:
ती पोस्ट माझीच होती. नाव घेतलं नाहीत, आभार.

आमच्या रस्त्यावर दहा एकरांची बाग आहे. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली, सुंदर. नाव पु. ल. देशपांडे उद्यान. मी लेकीला घेऊन पन्नासदा गेलो असेन. मासे आठवतात, पाणी आठवतं, पूल आठवतो. पु.ल. नाही आठवत. लेकीला विचारलं पु.ल. कोण, तर म्हणाली, "ज्यांची बाग आहे ते." हे झालं स्मारक. तुमच्या 56 दगडांवर मुलं बसून कुरकुरे खाणार आणि रविवारी 'मज सांग लक्ष्मणा'च्या दगडापुढे प्री-वेडिंग शूट होणार.

टेपवाला:
दोघेही चुकताय, पण सिंहगडरोडकर कमी चुकताय.

पैसे ध्वनिमुद्रणांवर घाला. गीतरामायण म्हटलं की लोकांना एचएमव्हीचा दहा एलपींचा संच आठवतो, तो एकट्या बाबूजींचा. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या शुक्रवारी, पुणे केंद्रावर जे सुरू झालं ते अनेक गळ्यांचं होतं. सीतेला माणिक वर्मा, कौसल्येला ललिता फडके. वसंतराव देशपांडे होते, राम फाटक होते, लताबाईही होत्या. ते रेडिओवर ऐकलेली माणसं आज ऐंशीच्या पलीकडची आहेत. त्या मूळ आवाजांतलं काय, कुठे, कोणत्या अवस्थेत आहे, याची यादी मागा आधी.

आता माझं. सासऱ्यांकडे ग्रुंडिगचा स्पूलवाला टेप होता. सत्तरच्या आसपास त्यांनी एका खाजगी बैठकीत गदिमांना स्वतःच्या कविता म्हणताना टेप केलं होतं. दोन स्पूल. शताब्दीच्या वर्षी, 2019 ला, एका संस्थेकडे घेऊन गेलो. अर्ज तीन प्रतींत द्या म्हणाले. दिला. पोच नाही. आठ महिन्यांनी चौकशी केली तर "ऑफिस हलवलं, खोकी गोदामात आहेत." पावसाळा गेला. एक स्पूल परत मिळाला, कडेला पांढरी बुरशी. तो मी घरी सावकाश हाताने फिरवत, कोरड्या मऊ फडक्याने पुसत उलगडला, दर मिनिटाला हेड स्पिरिटने साफ करत चालवला. चाळीसपैकी अकरा मिनिटं वाचली. दुसऱ्या स्पूलचा पत्ता नाही. त्यात 'जोगिया' होती.

त्यामुळे बाग म्हटलं की माझं डोकं फिरतं.

स्वरांगी:
टेपवाला, वाचून कसंतरी झालं. पण एक सांगू? बाबूजींचं ऐकल्यावर दुसरं ऐकवत नाही. मूळ आवाज, मूळ आवाज हे संग्राहकांचं खूळ आहे. 'पराधीन आहे जगती' दुसऱ्या कोणी म्हणूच नये.

टेपवाला:
कौसल्येचं गाणं कौसल्येने म्हणायचं, एवढी साधी गोष्ट आहे. 'सावळा ग रामचंद्र' बाईच्या गळ्यातून ऐका आणि मग खूळ कोणाचं ते ठरवा.

जुना श्रोता:
स्मारक कार्यक्रमांचा विषय निघालाच आहे तर माझं एक दुखणं. निवेदक!! दर वर्षी 14 डिसेंबरच्या आगेमागे कुठला ना कुठला कार्यक्रम असतो, मी न चुकता जातो. आणि दर वर्षी तोच किस्सा. गीतरामायणाच्या पहिल्या गाण्याचा कागद हरवला, मुद्रणाची वेळ आली, आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी गदिमांना खोलीत बसवून पुन्हा लिहून घेतलं, पंधरा मिनिटांत 'स्वये श्री रामप्रभू' उतरलं. तो सांगायला मात्र पंचवीस मिनिटं! मध्ये थरथरता आवाज. मागे सिंथेसायझरवर पाऊस.

सिंहगडरोडकर:
खरंय हे. शिवाय "आणि मग त्या दैवी क्षणी..."

स्वरांगी:
"रसिकहो!" राहिलं.

जुना श्रोता:
गेल्या खेपेला 'माता न तू वैरिणी'च्या आधी निवेदक आईवर बोलला. स्वतःच्या. मग बायकोच्या. शेवटी गाणं दोन कडव्यांत उरकलं, कारण नाट्यगृह साडेनऊला रिकामं करायचं होतं.

माईकचा धनी:
मी निवेदन करतो. बावीस वर्षं. आता ऐकून घ्या.

आम्ही बोलतो ते हौसेने नाही. गाणं संपतं, पुढचं दुसऱ्या सुरात असतं. तबलजीला तबला बदलायचा असतो किंवा हातोडीने गट्टे ठोकायचे असतात. बासरीवाला पिशवीत बासरी शोधत असतो. गायिकेला पाणी हवं असतं. तेवढा वेळ तुम्ही गप्प बसणार का? खोकणार, मोबाइल काढणार. ती फट आम्ही भरतो. त्यात आयोजक चिठ्ठ्या पाठवतात: "अमुक साहेब आले, नाव घ्या." मागे एका गावात प्रायोजकाने स्वतः माईक घेतला आणि त्याच्या गृहप्रकल्पात किती मजले ते सांगितलं. तीन गाणी कापली गेली. दुसऱ्या दिवशी लोक मला म्हणाले, तुम्ही फार बोलता. मला मिळालं काय? शाल आणि नारळ. नारळ नासका निघाला.

आणि वाकडेवाडीकर, तुमच्या सोसायटीतली ती बाई. तिला कागद कोणी लिहून दिला होता, विचारलंत का? आदल्या रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर यादी येते. नुसती गाण्यांची नावं. कवीच्या रकान्यात 'पारंपरिक'.

वाकडेवाडीकर:
बाईंना मी दोष दिला असेन तर मागे घेतो. अर्धा. गोरोबाकाका त्यांनी स्वतःच्या डोक्याने आणले होते.

पाव्हणं आटपाडीचं:
तुमी पुण्यात बसून कोथरूड का वाकडेवाडी करा. माणूस आमचा. शेटफळ्यात जन्म, 1 ऑक्टोबर 1919. माडगूळ गाव त्यांचं. मळ्यात 'बामणाचा पत्रा' हाय, तिथं बसून दोघं भाऊ लिहायचे, अण्णा म्हंजे गदिमा आन तात्या म्हंजे व्यंकटेश. तुमाला 56 दगड आणायचे ना? आमच्याकडं दगडाला तोटा न्हाई, माणदेशात दुसरं हाय काय. स्मारक म्हटलं की पुण्यात, कार्यक्रम म्हटला की पुण्यात. आमच्या पोरांला 'झुकझुक आगीनगाडी' पाठ हाय, पण मामाच्या गावाला जायला आटपाडीत गाडीच येत न्हाई.

सिंहगडरोडकर:
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे. पण पाव्हणं, तिकडे बघायला येणार कोण?

पाव्हणं आटपाडीचं:
मालगुंडला कोण येतं? केशवसुतांचं घर बघायला गणपतीपुळ्याची निम्मी गर्दी तिकडं वळती. घर ऱ्हातं घर होतं, तसंच ठेवलं, कविता लावल्या. कोकणवाल्यांनी केलं, तुमाला का जमत न्हाई?

निळी पाखरं:
सगळं वाचलं. गंमत वाटते. ज्यांना विधान परिषद मिळाली, 1969 ला पद्मश्री मिळाली, 1973 च्या यवतमाळ संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, त्यांचं नाव पुसलं जातंय म्हणून एवढा आक्रोश. लोककवी वामनदादा कर्डक ऐकलेत का कोणी? सिन्नरजवळचं देशवंडी, जन्म 15 ऑगस्ट 1922. शताब्दी येऊन गेली, इथे धागा निघालेला मला आठवत नाही. हजारो गाणी. माझे आजोबा गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे, वहीत उतरवून घ्यायचे, रेकॉर्डिंग कुठलं आलंय. ती वही घरात दोनदा पुरातून वाचली.

आणि वाकडेवाडीकर, कवीचं नाव टिकवायला वामनदादांना दगड लागला नाही. शेवटच्या कडव्यात 'वामन' असतो. गाणारा विसरूच शकत नाही, कारण नाव गाळलं तर ओळ लंगडी पडते. तुकोबांनी तेच केलं, जनाबाईंनीही. तुमच्या सिनेमावाल्यांना नाव पाटीवर हवं होतं, गाण्यात नव्हे. पाटी गेली, नाव गेलं.

जुना श्रोता:
मुद्दा चांगला आहे, पण जात मध्ये आणायची गरज नव्हती.

निळी पाखरं:
मी जातीचा शब्दही लिहिला नाही. तुम्हाला कुठे दिसला?

वाकडेवाडीकर:
जुना श्रोता, खरंच कुठे लिहिलंय? निवेदकांवर तोंडसुख घ्या, इथे नको.

निळी पाखरं, नाममुद्रेचं मला सुचलं नव्हतं. सिनेमात नायिकेच्या तोंडी 'गदिमा म्हणे' कसं घालणार, ही अडचण आहेच. पण 'इंद्रायणी काठी' अभंगाच्या घाटाचं, त्यात मुद्रा नाही, म्हणूनच ते संतांच्या खात्यावर जातं, हे पटलं. नाइलाजाने पटलं.

टेपवाला:
मग नव्या रेकॉर्डिंगच्या शेवटी गायकाने बोलून टाकावं, "शब्द माडगूळकर." तीन सेकंद. बागेपेक्षा स्वस्त.

माईकचा धनी:
तेच तर आमचं काम आहे!!

टेपवाला:
तीन सेकंद म्हणालो मी.

स्वरांगी:
ध्वनिमुद्रणं सगळ्यांना मोफत ऐकू द्या, बाकी आपोआप होईल.

टेपवाला:
आपोआप काही होत नाही ताई. गीतकाराच्या शब्दांवरचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे गदिमांचा 2037 संपेपर्यंत. मुद्रणाचा हक्क वेगळा, त्याचा मालक वेगळा. कुटुंबीयांनी संकेतस्थळ करून बरंच खुलं ठेवलंय, ते त्यांचं मोठेपण. बाकी ठिकाणी दोन हक्कदार एकमेकांकडे बोट दाखवतात आणि टेप मधल्या मध्ये बुरसटते.

सिंहगडरोडकर:
ठीक. खड्ड्यांचं वाक्य मागे. टेपवाल्यांच्या दुसऱ्या स्पूलसाठी कोणी मोर्चा काढला तर मी येईन. बागेला मात्र विरोध कायम, आणि बाग झालीच तर आत कुरकुरे नेऊ देऊ नका.

वाकडेवाडीकर:
बाग झालीच तर पहिला दगड माडगूळहून आणू. पाव्हणं, भाडं कोण देणार?

पाव्हणं आटपाडीचं:
दगड आमचा, भाडं तुमचं. आन उद्घाटनाला निवेदक आणू नका.

निळी पाखरं:
टेपवाला, एक विचारायचं होतं. आजोबांच्या वहीबरोबर एक कॅसेटही आहे, गावातल्या जयंतीची. वर वामनदादांचं नाव पेनने लिहिलंय. वीसेक वर्षं कोणी लावली नाही. लावून बघू का?

टेपवाला:
नका लावू!! अजिबात नका. खिडकीतून आत पांढरं काही दिसतं का. प्रेशर पॅड, म्हणजे टेप हेडला दाबून धरणारी छोटी गादी, आहे का निखळलंय. फोटो काढून व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी रविवारी मोकळा आहे.