न्हाणीघरात भाजतंय, कोपऱ्यातली खोली गारठलेली

बुलडीकर, म्युनिक

नमस्कार मंडळी,
नागपूरच्या ४५ अंशांत कूलरसमोर बसून मोठी झालेली मी आज जमीन तापवायची कशी, हे विचारतेय. हसू नका.

नव्या घरात फरशीखालून गरम पाणी फिरतं. स्वयंपाकघरामागे एक पत्र्याचं कपाट आहे, त्यात दोन आडव्या पितळी दांड्या आणि त्यांना जोडलेल्या नऊ नळ्या. याला मॅनिफोल्ड म्हणतात म्हणे. न्हाणीघरात पाय ठेववत नाही आणि कोपऱ्यातल्या खोलीत लेक स्वेटर घालून झोपते. त्या खोलीचा थर्मोस्टॅट तीन दिवस २५ वर ठेवलाय, काडीचा फरक नाही. प्लंबर फोनवरच म्हणाला, पंप मोठा बसवा. कुणाला यातलं कळतं का?

काटोलकर काका, सध्या नागपूर

ताई, पंपाला हात लावू देऊ नका. थर्मोस्टॅटही २१ वर आणा.

काटोलला आमची संत्र्याची बाग होती. ठिबक बसवलं तेव्हा ओळींच्या नळ्या १६ मिलिमीटरच्या होत्या. तुमच्या फरशीखालीही बहुतेक तेवढ्याच जाडीच्या असतील. दोन्हीकडे पाण्याचा स्वभाव एकच, जिकडे अडथळा कमी तिकडे पळायचं. मोटर सुरू केली की विहिरीजवळच्या ओळी चिंब आणि बांधाकडची झाडं कोरडी. वडिलांनीही आधी मोठी मोटर आणली. काय झालं? जवळच्या ओळीत तळं साचलं बाप्पा! शेवटी जवळच्या ओळींचे कॉक आवळले, तेव्हा कुठे बांधापर्यंत पाणी पोचलं.

तुमच्या कपाटातली एक दांडी गरम पाणी वाटते, दुसरी गार झालेलं गोळा करते. न्हाणीघराची नळी ३०-४० मीटरची असेल, कोपऱ्यातल्या खोलीची ९०-१०० मीटर. लांब नळीत घर्षण जास्त, म्हणून पाणी आखूड वाटेनं वळसा मारून परत येतं.

थर्मोस्टॅटचं काम वेगळं. गोळा करणाऱ्या दांडीवर पांढऱ्या टोप्या दिसतील. त्यांच्यात मेण असतं. वीज मिळाली की मेण तापून फुगतं आणि तीन-चार मिनिटांत व्हॉल्व्ह उघडतो. खोली तापली की बंद. साध्या टोपीला एवढंच येतं, उघड किंवा बंद. तुमच्या खोलीचा व्हॉल्व्ह २१ लाही उघडाच होता. २५ करून तुम्ही उघड्या दाराला आणखी काय उघडून राहिले? आत येणारं पाणीच ओंजळभर आहे.

ते वाढवायचं गरम पाणी वाटणाऱ्या दांडीवरच्या काचेच्या नळकांड्यांतून. त्यांवर मिनिटाला किती लिटर, याच्या खुणा असतात. हिशेब सोपा आहे. खोली १२ चौरस मीटरची धरा, चौरस मीटरला ६० वॅट, म्हणजे ७२० वॅट. पाणी ७ अंश गार होऊन परतत असेल तर मिनिटाला एक लिटर पाणी साधारण ४९० वॅट सोडून जातं. म्हणजे त्या खोलीला दीड लिटर हवं. न्हाणीघराला पाऊण लिटर पुष्कळ.

आधी न्हाणीघर आवळा, मग बाकीच्या जवळच्या खोल्या. लांबची नळी पूर्ण उघडी ठेवा. थोडंसं फिरवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. नळ्यांवर काही सेंटिमीटर काँक्रीट आहे, ते तापायला तासन्‌तास घेतं. दर अर्ध्या तासानं फिरवत बसाल तर वेड लागेल.

उघडूनही काटा शून्यावर राहिला तर नळीत हवा अडकली असेल. मग बाकीच्या सगळ्या बंद करून त्या एकाच नळीतून जोरात पाणी सोडून हवा काढावी लागते. ते मात्र प्लंबरकडूनच करून घ्या.

ठाकूर्लीकर, लंडन

काकांशी सहमत, फक्त एक भर. आमच्याकडे बॉयलर ६५ अंशांनी पाणी देतो आणि मॅनिफोल्डवरचा मिक्सिंग व्हॉल्व्ह त्यात परतीचं गार पाणी मिसळून ४० वर आणतो. तोच बिघडला होता आणि मी महिनाभर खोल्यांना दोष देत बसलो. ताई, तापमापी आधी बघा. तुमच्याकडे बॉयलरऐवजी हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र, असेल तर पाणी ३५ च्या आसपासच असेल, ते वाढवू नका, बिल येईल. राहत्या खोलीत फरशी २९ च्या वर नको.

बुलडीकर, म्युनिक

हीट पंपच आहे, पाणी ३६ अंश. न्हाणीघर साडेतीन लिटरवर होतं! पाऊणवर आणलं. कोपऱ्यातल्या खोलीची नळी पूर्ण उघडली, काटा छान दीडवर गेला. दुसऱ्या दिवशी खोली तशीच गार आणि स्वयंपाकघरात घाम.

काल सगळ्या बंद करून एकेक उघडली आणि दहा-पंधरा मिनिटांनी परतीच्या नळ्यांना आणि फरशीला हात लावत घरभर रांगले. लेबलंच चुकीची आहेत. ‘शयनगृह २’ म्हणजे स्वयंपाकघर. खरी नळी ‘कोठार’ लिहिलेली, ०.४ वर गुदमरत होती.

आज सकाळी खोली २० अंश. सगळी लेबलं काढून मराठीत नवी चिकटवलीत. पुढच्या आठवड्यात प्लंबर पंप घेऊन येतोय, तो ती कशी वाचणार ते त्याचं तो बघेल.