मदत हवी आहे: युटा-ॲरिझोनाचे कॅन्यन, हिमालयन आणि बुलेटवाले बाबा

नमस्कार मंडळी,

लास वेगसला राहते. दोन वर्षांपूर्वी इथे सेकंडहँड हिमालयन ४११ (रॉयल एनफिल्डची मोटारसायकल) घेतली, तेव्हापासून बाबांच्या डोक्यात मोटारसायकलवरून इथले कॅन्यन बघायचं खूळ आहे. बाबा ६७ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, मुक्काम कराड. गेल्या महिन्यात आले ते चहा घ्यायच्या आधी गॅरेजमध्ये. टाकीवर हात फिरवला, चेन बोटाने दाबून बघितली, "सैल आहे" म्हणाले आणि मगच हातपाय धुतले.

सप्टेंबरच्या शेवटी दहा दिवस काढलेत. वेगस, झायन, ब्राइस, हायवे १२ने कॅपिटल रीफ, हँक्सव्हिलवरून हायवे ९५ने नॅचरल ब्रिजेस, मोकी डगवेचा कच्चा घाट उतरून मॉन्युमेंट व्हॅली, मग पेज गाव, ग्रँड कॅन्यनची साउथ रिम आणि किंगमनमार्गे परत.

बेत असा की मी हिमालयनवर आणि बाबा भाड्याच्या गाडीवर. त्यांचा गियरच्या मोटारसायकलचा परवाना चालू आहे, इंटरनॅशनल परमिटही करून आणलंय. घोडं अडलंय ते दुसरीकडेच. त्यांची बुलेट १९८४ची. म्हणजे गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. चाळीस वर्षं तेच. रविवारी एका बंद मॉलच्या पार्किंगमध्ये त्यांना हिमालयन दिली. दोन चकरा झकास मारल्या. मग मी हात वर करून "थांबा" म्हटलं, तर डावा पाय खाडकन खाली. गियर पडला, गाडीने आचका दिला, आणि उजवा पाय तरंगतोय. थांबले ते पुढच्या ब्रेकवर. बाहेर पडताना डावीकडे वळले आणि थेट डाव्या लेनमध्ये, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या. रस्ता रिकामा होता म्हणून निभावलं.

त्यांचं यावर म्हणणं, "कुंभार्ली घाट रात्री पावसात उतरलोय, हे काय घेऊन बसलीस." उतरलेत, खरंय. मागे मीच बसले होते.

तर विचारायचं हे की आठ-दहा दिवसांच्या सरावात पायाची सवय बदलते का? कुणी स्वतः जुन्या बुलेटवरून नव्या गाडीवर आलंय का? की सरळ मागे बसवू? पण ४११वर दोघं आणि सामान घेऊन युटाच्या इंटरस्टेटवर जायची मला भीती वाटते. तिथे काही ठिकाणी वेगमर्यादा ८० मैल आहे आणि माझी गाडी ७०लाच कण्हायला लागते. मोकी डगवेबद्दलही सांगा. "तुम्हाला जमणार नाही" हे त्यांना कसं सांगायचं, यावरही सल्ला चालेल. आईने हात टेकलेत.

प्रतिसाद १

जुन्या बुलेटवरून आलेला मीच. रिकाम्या रस्त्यावर चार दिवसांत पाय बसतो. पण हरीण आडवं आलं की मेंदू चाळीस वर्षं मागे जातो. मला पूर्ण भरवसा यायला सहा महिने लागले, आणि माझी रस्त्याची बाजू तरी बदललेली नव्हती. बाबांची पायाची आणि रस्त्याची, दोन्ही बदलल्यात. दहा दिवसांत नाही होणार, ताई.

प्रतिसाद २

हा फेरा दोनदा केलाय, एकदा बायको मागे बसून.

हिमालयन घरी ठेवा. हायवे १२ बोल्डर माउंटनवर ९,६०० फुटांपर्यंत चढतो. दर हजार फुटांना ताकद साधारण ३ टक्के कमी होते, म्हणजे तुमच्या २४ घोड्यांतले १७ उरणार आणि वर दोन माणसं. मागे टेकायला पाठ असलेली मोठी टूरिंग गाडी वेगसलाच भाड्याने मिळते. करारावर बाबांचंही नाव चालक म्हणून घाला. नाव नसताना त्यांनी हँडल धरलं तर भाड्याच्या गाडीचा विमा गेला. त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये मोटारसायकल चालते का तेही वाचा, बऱ्याच पॉलिसी ती वगळतात.

चालवायला द्यायचीच तर कॅपिटल रीफ ते हँक्सव्हिल हायवे २४वर द्या. सकाळी, गर्दी नसताना. एस्कलांटे आणि बोल्डरच्या मधल्या हॉगबॅकवर अजिबात नाही. तिथे दोन्ही बाजूंना दरी आणि बराचसा भाग बिनकठड्याचा. वर बोल्डर माउंटनला गाई मोकळ्या फिरतात, अंधार पडायच्या आत टोरीला पोचा.

मोकी डगवे म्हणजे तीन मैल कच्चा रस्ता, खडी, साधारण ११०० फुटांचा उतार आणि हेअरपिन. भरलेल्या टूरिंग गाडीवर दोघांनी उतरायची जागा नाही ती. नॅचरल ब्रिजेस बघून ब्लँडिंगला जा, तिथून ब्लफमार्गे मेक्सिकन हॅट. सगळं डांबरी.

पेट्रोल हँक्सव्हिलला काठोकाठ भरा. पुढे ब्लँडिंगपर्यंत सव्वाशे मैल आहेत, मध्ये हाइट (Hite) नावाच्या ठिकाणच्या पंपावर विसंबू नका. युटात सगळ्यात स्वस्त नळ ८५ ऑक्टेनचा असतो, सवयीने तोच दाबला जातो. गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघून वरचा घ्या.

मॉन्युमेंट व्हॅलीचा १७ मैलांचा कच्चा फेरा मोटारसायकलला बंद आहे, नवाहो (तिथली मूळनिवासी जमात) गाइडची जीप करा. तो नवाहो लोकांचा पार्क असल्याने नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही. आणि घड्याळ! नवाहो भागात उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे) पाळतात, बाकी ॲरिझोनात नाही. पेजला तुम्ही तासभर मागे जाल. आम्ही बोटीच्या वेळेआधी तासभर उन्हात बसलो होतो.

कपडे दोन्ही टोकांचे घ्या. वेगसला पस्तीस अंश असेल, आणि ब्राइस आठ हजार फुटांवर, पहाटे पाणी गोठायच्या आसपास.

प्रतिसाद ३

वडिलांना "जमणार नाही" म्हणू नका. नकाशा त्यांच्या हातात द्या, रोज सकाळी टायरची हवा, तेल आणि चेन बघायचं काम त्यांचं. वर्कशॉपचा माणूस आहे, त्याला गाडीची जबाबदारी हवी असते.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद बाबांनी माझ्या खांद्यावरून वाचले. पहिला वाचून गप्प झाले. मग म्हणाले, "हा माणूस खोटं बोलत नाही." मोठी गाडी बघायला शनिवारी जातोय. कागदावर दोघांची नावं घालणार, हायवे २४ तेवढा त्यांचा. मोकी डगवे रद्द, फक्त वरून खाली बघणार असं ठरलं होतं, पण त्यासाठी हायवे २६१वर जाऊन परत फिरावं लागेल, तेव्हा तेही राहू दे.

आता त्यांची एकच शंका उरलीय. कॅपिटल रीफमध्ये फ्रुटाला जुन्या घरात फळं भरलेले पाय (pie, भाजलेला गोड पदार्थ) विकतात ते लवकर संपतात असं त्यांनी कुठेतरी वाचलंय. टोरीहून सकाळी किती वाजता निघावं?