रेष आधी, मशीन नंतर

वर लांब केसांचा बुचडा आणि बाजूंनी बारीक, अशा अंडरकटमध्ये बारीक केलेल्या कडा दर कटिंगला वर सरकत जातात, ही बऱ्याच जणांची तक्रार अगदी खरी आहे. लांब आणि बारीक केसांमधली रेष दर वेळी नव्याने पाडली की तसंच होतं. ओल्या केसांत कपाळाच्या कोपऱ्यापासून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत भांग पाडा, वरचे केस क्लिपने बांधा, मगच मशीन. कानाजवळ 3 मिमी, वर 6. रेषेखालचा बोटभर पट्टा मात्र कंगवा-कात्रीनेच, नाहीतर केस मोकळे सोडताना पायरी उठून दिसते. इकडे इंदुरात नुसतं ‘साइडने बारीक’ म्हणू नका भाऊ, मशीनचा नंबर सांगा, म्हणजे केस किती मिमी ठेवायचे ते. केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतात, त्यामुळे तीन आठवड्यांनी फक्त कडा करून घ्या. आणि बुचडा सैल बांधा, कापडी बँडने! रोजच्या ताणाने कपाळाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात.