‘सामान्यीकरण’ लहान मुलांना कोणत्या शब्दाने सांगावे?

पाटीपेन्सिल:
सात ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या एका उपक्रमपुस्तिकेचे मराठी भाषांतर करते आहे आणि एका पाठावर अडले आहे. थोडी उदाहरणे पाहून आपण साऱ्या गटाबद्दल जे बोलतो, त्याला अमुक म्हणतात. ‘सगळे’, ‘बहुतेक’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे शब्द दिसले की ते ओळखावे. त्यातले काही बरोबर असते आणि काही घाईचे, असा पाठाचा आशय आहे. या ‘अमुक’साठी मी ‘सामान्यीकरण’ लिहिले होते. संपादकांनी ते जड म्हणून परत पाठवले आणि ‘सरसकट विधान’ सुचवले. ‘सरसकट’ म्हणताच मला मात्र त्यात ठपका ऐकू येतो, आणि मग ‘योग्य सरसकट विधान’ ही जोडी मुलांना कशी पटवावी हे कळत नाही. दुसरा शब्द कोणाला सुचतो का?

शब्दवेध:
‘सरसकट’मध्ये मुळात ठपका नाही. ‘सरसकट सर्वांना सूट मिळाली’ या वाक्यात कोणी कोणाला दोष देत नाही. निवड न करता, कोणालाही न वगळता, एवढाच त्याचा अर्थ. ‘सालीसकट’मधला ‘सकट’ त्यात असावा, असा माझा तर्क आहे. ठपका येतो तो शेजारी ‘विधान’ आल्यामुळे, कारण बोलताना माणसाने निवड करावी अशी आपली अपेक्षा असते. ‘सामान्यीकरण’ मात्र टाळलेलेच बरे. ते क्रियेचे नाव आहे, आणि पाठात वाक्याच्या प्रकाराला नाव हवे आहे. ‘सामान्य विधान’ हा सरळ शब्द उपलब्ध असताना अडचण कसली?

शाळेतला:
अडचण ‘सामान्य’चीच आहे. ‘सामान्य माणूस’ म्हणजे साधा माणूस, हे मुलांनी ऐकलेले असते. व्याकरणात ‘सामान्यनाम’ येते आणि मागोमाग ‘सामान्यरूप’. आता त्याच शब्दाला चौथा अर्थ लावला, तर ‘सामान्य विधान’ म्हणजे साधे, बिनमहत्त्वाचे वाक्य असेच मुले समजतील.

माझा मूळ आक्षेप मात्र संज्ञेवर नसून त्या खुणेच्या शब्दांच्या यादीवर आहे. मराठीत साऱ्या गटाबद्दल बोलायला ‘सगळे’ किंवा ‘नेहमी’ लागतच नाही. ते काम आपले क्रियापद करते. मी फळ्यावर दोन वाक्ये लिहितो: ‘मांजर लबाड आहे’ आणि ‘मांजर लबाड असते’. पहिले वाचून मुले विचारतात, ‘कोणते मांजर?’ दुसरे वाचून तो प्रश्न कोणीही विचारत नाही, पण मागच्या बाकावरून हमखास एक आवाज येतो, ‘आमचे नाही!’ सामान्यीकरण म्हणजे काय हे त्या मुलाला कळलेले असते आणि ते कसे मोडायचे हेही. त्याला नाव तेवढे ठाऊक नसते. म्हणून ‘असते-वाक्य’ असे नाव देऊन पाठ सुरू करावा, असे मला मनापासून वाटते.

शब्दवेध:
आपला नियम टिकत नाही. ‘देवमासा सस्तन प्राणी आहे’ हे वाक्य सगळ्या देवमाशांबद्दल असूनही त्यात ‘आहे’ आले आहे. उलट ‘दादा सकाळी अभ्यासात असतो’ हे एकाच दादाबद्दल असून त्यात ‘असतो’ आहे. शिवाय ‘असते-वाक्य’ ही काही संज्ञा नव्हे. मुलांना सोपे हवे म्हणून भाषेला बोबडे करू नये.

शाळेतला:
दादाचे वाक्यही सामान्यीकरणच आहे. तिथला गट माणसांचा नसून सकाळींचा आहे, कारण बोलणाऱ्याने काही सकाळी पाहिल्या आणि तो सगळ्या सकाळींबद्दल बोलला. देवमाशाच्या उदाहरणाबद्दल आभार, कारण त्यातून भेद अधिकच उघड होतो. लबाड नसलेले मांजर असू शकते; सस्तन नसलेला देवमासा असूच शकत नाही. ‘आहे’ने आपण वर्गवारी सांगतो आणि ‘असते’ने अनुभव. तपासून पाहायची गरज असते ती अनुभवाच्या वाक्यांना.

तर्कवाचक:
या विषयाची शब्दसंपत्ती आपल्याकडे न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, फार पूर्वीच घडवून ठेवली आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, या नित्य संबंधाला ‘व्याप्ती’ म्हणतात. जिथे अग्नी तिथे धूर, हे उलट वाक्य मात्र तापलेल्या लोखंडी गोळ्यापाशी मोडते, कारण तिथे अग्नी असतो आणि धूर नसतो. ‘शिंगे असलेला प्राणी म्हणजे गाय’ असे लक्षण, म्हणजे व्याख्या, केले तर ते म्हशीलाही लागू पडते, ही अतिव्याप्ती. ‘तांबूस रंगाची ती गाय’ म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. आठ वर्षांच्या मुलाला ही दोन्ही उदाहरणे सहज समजतात. ‘व्याप्तिविधान’ हा शब्द घ्यावा. त्यात ठपका नाही आणि साधेपणाचा गैरसमजही नाही.

रानवेडा:
व्याप्तिविधान हे आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी बसेल, असे मला वाटत नाही. नाव काहीही द्या, पण पाठात खरी उदाहरणे भरपूर हवीत. हंस पांढरेच असतात, असे युरोपात शतकानुशतके मानले जाई. 1697 साली विलेम दे व्लामिंग या डच दर्यावर्दीच्या मोहिमेला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर काळे हंस दिसले. आधीचे लोक खोटे बोलत नव्हते, त्यांनी पाहिलेले सगळे हंस पांढरेच होते, आणि मुलांना नेमके हेच सांगायला हवे. सस्तन प्राणी पिलांना जन्म देतात, हे वाक्यही असेच आहे. प्लॅटिपस आणि एकिडना हे सस्तन असूनही अंडी घालतात, म्हणून तिथे ‘बहुतेक’ लागते. मुलांनी ‘सगळे’ खोडून ‘बहुतेक’ लिहिले की माझ्या मते पाठ साधला.

पाटीपेन्सिल:
‘बहुतेक’ जिथे येते तिथेच मला दुसरी अडचण आली आहे. पुस्तिकेतले एक वाक्य मी ‘सगळे पक्षी उडत नाहीत’ असे उतरवले, तर एका वाचकाने त्याचा अर्थ ‘एकही पक्षी उडत नाही’ असा घेतला. मराठीत ते वाक्य दोन्हीकडे झुकते.

शब्दवेध:
‘सगळेच पक्षी उडत नाहीत’ असे लिहावे. तो ‘च’ घातला की शहामृग, पेंग्विन, किवी असे न उडणारे पक्षी तेवढे वगळले जातात आणि बाकीचे उडत राहतात. ‘च’ निष्कारण पेरण्याची सवय वाढली आहे हे खरे, पण इथे तो अर्थासाठी आवश्यक आहे.

शाळेतला:
सहमत. एक गोष्ट मात्र पुन्हा सांगावीशी वाटते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात चार वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक लोकसमूहाची चित्रे दाखवली होती. ‘हे लोक असे करतात’ या घाटाची वाक्ये ज्यांनी ऐकली, ती मुले त्या समूहाचे गुण उपजत मानण्याकडे अधिक झुकली. एकेका व्यक्तीबद्दल वाक्ये ऐकणारी मुले तितकी झुकली नाहीत. त्या वाक्यांत ‘सगळे’ नव्हते आणि ‘नेहमी’ही नव्हते. ‘मुली भित्र्या असतात’ या वाक्यातही ते नाहीत. खुणेचे शब्द शोधायला शिकलेला मुलगा हे वाक्य बिनदिक्कत पुढे जाऊ देईल, आणि पाठाची खरी गरज तर तिथेच आहे.

जुनीवही:
इतका वेळ कोणालाच ‘शितावरून भाताची परीक्षा’ आठवू नये, याचे नवल वाटते. घरोघरी बोलली जाणारी ही म्हण याच विषयावर आहे. पाठाला तेच नाव द्यावे.

तर्कवाचक:
त्या म्हणीने उलटा संस्कार होईल. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढावा, अशी शिफारस ती करते, आणि पाठाला नेमकी तीच घाई टाळायची आहे.

जुनीवही:
म्हण भाताबद्दल आहे, माणसांबद्दल नाही. एका भांड्यातल्या साऱ्या शितांना तेच पाणी आणि तीच आच मिळालेली असते, म्हणून एक शीत चेपून पाहिले तरी पुरते. जिथे आच सारखी नसते तिथे एक पुरत नाही. एवढे मुलांशी बोलता आले, तर म्हणीत दोष कोणता?

शब्दवेध:
दोष नाही, पण म्हणीने संज्ञेचे काम होत नाही. मी अजूनही ‘सामान्य विधान’ या मतावर ठाम आहे. ‘व्याप्तिविधान’ शुद्ध आहे हे मान्य करूनही त्याला माझा विरोध आहे, आणि ‘असते-वाक्य’ छापील पुस्तकात येऊ नये.

पाटीपेन्सिल:
तूर्त मसुद्यात ‘मांजर लबाड आहे’ आणि ‘मांजर लबाड असते’ ही जोडी घातली आहे आणि शीर्षकाची जागा कोरी ठेवली आहे. मुलींच्या भित्रेपणाचे वाक्य सात वर्षांच्या मुलांपुढे ठेवावे की ते ठेवल्यानेच त्यांच्या मनात रुजेल, याबद्दल शिक्षकांचे मत हवे आहे.