अपलिंकचा आलेख ११४ एमबीपीएसवरच अडतो. पोलिंगची पद्धत कोणती ठेवावी?

प्रश्न (सीताबर्डी, नागपूर):
आमच्या सीताबर्डीच्या कार्यालयात आणि हिंगणा एमआयडीसीतील गोदामात मिळून नव्वदेक उपकरणे असून, त्या सर्वांचे पोलिंग (देखरेखीच्या सॉफ्टवेअरने केलेली विचारणा) दर ५ मिनिटांनी होते. मुख्य स्विचच्या १ गिगाबिट अपलिंकचा (पुढच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या दुव्याचा) आलेख रात्री बॅकअप चालू असतानाही ११४ एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) वर चढत नाही. फायली मात्र त्याच्या कितीतरी पट वेगाने उतरतात. शिवाय गोदामाचा राउटर दुपारी अधूनमधून ‘डाउन’ दिसतो, आणि फोन केला तर तिथे बिलिंग सुरळीत चालू असते. सगळीकडे पिंग (उपकरण उत्तर देते का एवढेच पाहणारी हाक) ठेवावे की एसएनएमपी (उपकरणाकडून त्याचे आकडे मागवण्याची पद्धत)? विंडोज सर्व्हरांना डब्ल्यूएमआय (विंडोजची स्वतःची माहिती देण्याची सोय) लावावे का?

उत्तर १:
११४ या आकड्यातच दोष सापडतो. आपले पोलिंग ३२ बिटच्या काउंटरवर (उपकरणातल्या रहदारी मोजणाऱ्या आकड्यावर) चालले असावे. तो बाइट मोजत ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो; १ गिगाबिटच्या पूर्ण वेगाने ही फेरी सुमारे ३४ सेकंदांत संपते. ५ मिनिटांत त्याच्या आठ फेऱ्या झाल्या तरी सॉफ्टवेअरला फक्त दोन वाचनांमधला फरक दिसतो, त्यामुळे ३०० सेकंदांच्या अंतराने त्याला जास्तीत जास्त ११४.५ एमबीपीएसच दाखवता येतात. अंतर ३० सेकंदांवर आणणे ही केवळ मलमपट्टी झाली. एसएनएमपीची आवृत्ती २सी किंवा ३ निवडून ६४ बिटचे काउंटर घ्यावेत. आवृत्ती १ मध्ये ते मिळतच नाहीत.

उत्तर २:
राउटरबद्दल. स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देणे हे अनेक राउटरांच्या लेखी सर्वांत शेवटचे काम असते, म्हणून एक पिंग हुकले की ‘डाउन’ ठरवू नये. लागोपाठ तीन हुकल्यावरच इशारा जावा. उपकरण जिवंत आहे का हे पिंगला विचारावे, आणि त्याचे काय चालले आहे ते एसएनएमपीला. एकाच उपकरणावर दोन्ही लावण्यात काही वावगे नाही. डब्ल्यूएमआय टीसीपी पोर्ट १३५ वर सुरू होऊन पुढे ४९१५२ ते ६५५३५ मधले कोणतेही पोर्ट मागते. सीताबर्डीच्या लॅनमध्ये ते खुशाल वापरा. गोदामाच्या फायरवॉलपलीकडे मात्र मी एजंटच (सर्व्हरवरूनच माहिती पाठवणारा छोटा प्रोग्राम) बसवीन.

प्रश्नकर्ता:
स्विचवर खरोखरच आवृत्ती १ होती. २सी करूनही आलेख तसाच राहिला, कारण जुने इंटरफेस (स्विचच्या पोर्टांच्या नोंदी) काढून पुन्हा शोधायला लावेपर्यंत सॉफ्टवेअर जुनाच काउंटर वाचत होते. काल रात्री आलेख ६०० च्या वर गेला. राउटरला तीन प्रयत्नांची अट आजच घातली आहे. दुपारी काय होते ते कळवतो.