न्यू ऑर्लिन्सच्या अंतिम सामन्याआधी माझे मत ईगल्सच्या बाजूने होते

अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, कॅन्सस सिटी चीफ्सच्या अनुभवापुढे फिलाडेल्फिया ईगल्स टिकणार नाहीत, हे मत मला पटले नव्हते. 9 फेब्रुवारी 2025 रोजी जिंकल्यास सलग तीन सुपर बोल जिंकणारा चीफ्स हा पहिलाच संघ ठरला असता आणि महोम्ससारखा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) असताना ते अशक्य म्हणता येत नव्हते. तथापि, 2023 मध्ये चीफ्सने याच ईगल्सला 38-35 असे हरवले, त्या सामन्यात ईगल्सच्या बचावाला महोम्सला एकदाही चेंडूसह जमिनीवर पाडता आले नव्हते, आणि माझ्या मते तिथेच तो सामना हातातून निसटला. या वेळी ईगल्सच्या बचावाची सूत्रे प्रशिक्षक व्हिक फँजिओ यांच्याकडे होती, बचावाच्या पुढच्या फळीच्या मध्यभागी जेलन कार्टर होता, आणि समोर चीफ्सला मूळचा गार्ड (क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीतील आतली जागा) असलेल्या जो थूनीला त्याच फळीच्या डाव्या टोकाला, लेफ्ट टॅकलच्या जागी, खेळवावे लागत होते.

शिवाय 2023 मध्ये ईगल्सकडे नसलेला सेक्वॉन बार्कली या वेळी होता. नियमित हंगामात धावून 2,005 यार्ड मिळवणाऱ्या या खेळाडूला रोखण्यासाठी चीफ्सच्या बचावाचे प्रशिक्षक स्पॅग्नुओलो यांनी माणसे पुढे आणली असती, तर ईगल्सचा पास झेलणारा ए. जे. ब्राऊन याला मागे मोकळी जागा मिळाली असती. ईगल्सचा क्वार्टरबॅक हर्ट्स याने मात्र चेंडू जपायला हवा होता, कारण मागच्या वेळी त्याच्या हातून सुटलेल्या चेंडूवर चीफ्सच्या बोल्टनने टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण) केला होता. अटीतटीचे शेवट चीफ्सला मानवतात, हे मान्य करूनही माझा अंदाज ईगल्स 27, चीफ्स 20 असा होता.