मदत हवी आहे: म्यानमारबाबत भारताने बोलायचं तरी कोणाशी?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूर विद्यापीठात एम.ए. राज्यशास्त्र करते. लघुप्रबंधाचा विषय आहे १ फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतरचं भारताचं म्यानमार धोरण. आमची बार्शी तालुक्यात शेती, तूर-उडीद दरवर्षी असतोच, त्यामुळे आधी डाळींचा करार डोळ्यांत भरला. उठावाला पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा, जून २०२१मध्ये, भारताने पाच वर्षं दरसाल अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर तिथून घ्यायचं ठरवलं. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उठावाविरोधी ठरावावर आपण तटस्थ राहिलो. याचा मला अजूनही त्रास होतो, पण कारण कळतं. सीमा १,६४३ किलोमीटरची, ईशान्येतले बंडखोर पलीकडे आसरा घेतात, शिवाय चीन आहेच.

अडलंय ते पुढे. भारताच्या कलादान वाहतूक प्रकल्पाची वाट कोलकात्याहून समुद्राने म्यानमारमधलं सित्वे, तिथून नदीने पलेत्वा आणि मग रस्त्याने मिझोराम अशी आहे. सित्वे बंदर २०२३मध्ये सुरू झालं, पण जानेवारी २०२४मध्ये पलेत्वा अराकान आर्मीने, म्हणजे म्यानमारच्या लष्कराशी लढणाऱ्या सशस्त्र गटाने घेतलं. करार लष्करी सरकारशी आणि वाट दुसऱ्याच्या ताब्यात! पुढच्याच महिन्यात मिझोरामचे राज्यसभा खासदार के. वनलालवेना स्वतः पलीकडे जाऊन अराकान आर्मीला भेटून आले.

माझं म्हणणं, दिल्लीनेही उघड बोलावं. सर म्हणतात, शेजाऱ्याच्या सशस्त्र गटाला असं जवळ केलं तर उद्या आपल्याबाबतीत कोणी तेच केलं तर? मी तालिबानचं उदाहरण दिलं. मान्यता न देताही २०२२मध्ये आपलं पथक काबूलला गेलंच की. पण काबूलवर दुसरा कोणी दावेदार उरला नव्हता, इथे तसं नाही, हे मलाही पटतं. याहून जवळचा दाखला कुणाला माहीत आहे का? आसाम रायफल्समध्ये त्या सीमेवर राहिलेलं कोणी असेल तर त्यांच्याशीही बोलायचं आहे.

प्रतिसाद:

ताई, तालिबान बाजूला ठेवा, श्रीलंका घ्या. १९८५मध्ये थिंफूला भारताच्याच पुढाकाराने श्रीलंका सरकार आणि तमिळ गट समोरासमोर बसले होते. १९८७चा करार मात्र राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्यातच झाला, त्या तमिळ गटांपैकी एलटीटीईची सही त्यावर नव्हती. काही महिन्यांतच आपली शांतिसेना त्यांच्याशीच लढत होती, १९९०मध्ये परतली. तुमच्या सरांना आणि तुम्हालाही, दोघांना यात मुद्दे सापडतील. माझे चुलते मणिपूरला आसाम रायफल्समध्ये होते. विचारून कळवतो.